पाळीव प्राण्याचा वियोग : अधिमान्यता नसलेल्या शोकाचे स्वरूप आणि निरोपाचे महत्त्व

गोषवारा

पाळीव प्राण्याच्या मृत्यूनंतर होणारे दुःख हे मानसशास्त्रीय दृष्ट्या खऱ्या अर्थाने वियोगदुःख असते. तथापि या दुःखाला समाजाकडून अधिमान्यता मिळत नाही. त्यासाठी सुतक नाही, सांत्वनाची रीत नाही, रजेची तरतूद नाही आणि बहुतेक वेळा योग्य शब्दही नाहीत. प्रस्तुत लेखात या शोकाचे स्वरूप, मराठी समाजजीवनातील प्राण्यांचे स्थान, दयामरणाच्या निर्णयातून निर्माण होणारा अपराधभाव आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात या प्रश्नाला असलेले विशेष महत्त्व यांचे विवेचन केले आहे. या दुःखाची तीव्रता कमी करण्यापेक्षा त्याला व्यक्त होण्याची जागा मिळणे आणि निरोपाची संधी उपलब्ध होणे अधिक आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : पाळीव प्राणी, वियोगदुःख, अधिमान्यता नसलेला शोक, दयामरण, निरोपविधी, विद्यार्थी

१. प्रस्तावना

मराठी भाषेत मृत्यूसाठी अनेक क्रियापदे आहेत. माणूस वारतो, निवर्ततो, देवाघरी जातो. थोर व्यक्तीचे देहावसान होते. संत समाधिस्थ होतात. जनावर मात्र ‘मरते’. एवढेच नव्हे, तर ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’ हा वाक्प्रचार अत्यंत हीन व बेवारस मरणासाठी रूढ आहे. ज्या घरात दहा-बारा वर्षे कुत्रा किंवा मांजर वावरले, त्या घरातील माणसे मात्र हे क्रियापद सहसा वापरीत नाहीत. ‘आमचा मोती गेला’ असेच ती म्हणतात. क्रियापदाच्या या निवडीतच प्रस्तुत प्रश्नाचा गाभा आहे. घरातील माणसांसाठी एक आप्त गेलेला असतो. बाहेरच्यांसाठी एक जनावर मेलेले असते. या दोन दृष्टींमधील अंतर शोकग्रस्त व्यक्तीला एकट्याने सहन करावे लागते.

या प्रश्नाकडे महाविद्यालयीन अध्यापकांनी लक्ष देण्यास एक विशेष कारण आहे. कुत्र्याचे आयुष्य जातीनुसार साधारणतः दहा ते तेरा वर्षांचे असते. मोठ्या आकाराच्या जातींचे आयुर्मान त्याहून कमी, तर लहान जातींचे काहीसे अधिक असते. घरात वाढणारे मांजर पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगू शकते. मूल तिसरी-चौथीत असताना घरात आणलेले पिल्लू ते मूल पदवीच्या वर्गात पोहोचेपर्यंत वृद्ध झालेले असते. म्हणजेच ज्याच्या सोबतीने बालपण गेले, त्या प्राण्याचा मृत्यू बहुधा महाविद्यालयीन वयातच वाट्याला येतो. अनेक तरुणांच्या आयुष्यातील तो पहिला जवळचा मृत्यू असतो आणि पुष्कळदा तो घडतो तेव्हा विद्यार्थी घरापासून दूर, वसतिगृहात असतो.

२. वियोगदुःखाचे मानसशास्त्रीय स्वरूप

ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी १९६९ ते १९८० या काळात प्रसिद्ध झालेल्या तीन खंडांच्या ग्रंथात अनुबंध आणि वियोग यांचा परस्परसंबंध सविस्तर मांडला. ज्या सहवासातून सुरक्षिततेची जाणीव मिळते, त्या सहवासाशी मनाचा अनुबंध जुळतो आणि तो तुटला की शोध घेणे, व्याकुळ होणे, खचून जाणे या प्रतिक्रिया उमटतात, असे त्यांच्या मांडणीचे सार सांगता येईल. हा सिद्धांत माता आणि बालक यांच्या संबंधांवरून उभा राहिला असला, तरी पुढील काळात अभ्यासकांनी तो मनुष्य आणि पाळीव प्राणी यांच्या नात्यालाही लावून पाहिला. २०१५ मध्ये जपानमधील मिहो नागासावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, कुत्रा आणि त्याचा पालक यांनी परस्परांकडे दीर्घकाळ पाहिल्यास दोघांच्याही शरीरातील ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, असे दाखविण्यात आले. माता आणि अर्भक यांच्यातील जिव्हाळ्याशी निगडित असलेले हेच संप्रेरक होय. तेव्हा प्राण्याविषयीचा जिव्हाळा हा निव्वळ हौसेचा किंवा श्रीमंती लाडाचा भाग आहे, ही समजूत शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही.

या नात्याचे एक वैशिष्ट्य असे की, ते दिनक्रमात विणलेले असते. सकाळचे फिरणे, ठरावीक वेळचे खाणे, दाराची घंटा वाजताच होणारी धावपळ, रात्री पायाशी येऊन झोपणे यांतून दिवसाला आकार येतो. त्यामुळे मृत्यूनंतरची पोकळी प्रामुख्याने सवयींतून जाणवते. भाकरीचा शेवटचा तुकडा बाजूला काढून ठेवणारा हात क्षणभर थबकतो. नसलेल्या नखांचा फरशीवरील आवाज ऐकू आल्याचा भास होतो. असे भास शोकाच्या प्रारंभीच्या काळात सामान्यतः आढळतात व ते मनोविकृतीचे लक्षण नव्हे. एकट्या राहणाऱ्या किंवा निवृत्त व्यक्तीच्या बाबतीत ही पोकळी अधिक खोल असते, कारण फिरायला जाण्याचे निमित्त संपले की वाटेत भेटणाऱ्या माणसांशी होणारा संवादही संपतो.

शोकाच्या पाच अवस्थांचा उल्लेख या संदर्भात वारंवार केला जातो. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या या अवस्था मुळात मरणासन्न रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेल्या होत्या, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. शोक हा पायऱ्यापायऱ्यांनी चढून संपणारा जिना नव्हे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेले द्विप्रक्रिया प्रतिमान अनुभवाशी अधिक जुळणारे आहे. त्यानुसार शोकग्रस्त मन कधी हानीकडे वळते, तर कधी नव्याने जगण्याच्या व्यवहाराकडे. हे हेलकावे स्वाभाविक व आरोग्यदायी असतात. सकाळी रडलेली व्यक्ती दुपारी हसली, म्हणून तिचे दुःख खोटे ठरत नाही.

३. अधिमान्यतेचा अभाव

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ‘अधिमान्यता नसलेला शोक’ ही संकल्पना विस्ताराने मांडली. जो शोक उघडपणे व्यक्त करता येत नाही, ज्याला समाज मान्यता देत नाही आणि ज्यासाठी सांत्वनाची व्यवस्था नसते, असा शोक या संज्ञेने निर्दिष्ट होतो. पाळीव प्राण्याचा वियोग हे त्याचे ठळक उदाहरण होय.

मराठी कुटुंबातील मृत्यूनंतरची परंपरागत व्यवस्था पाहिली असता हा अभाव स्पष्ट होतो. माणसाच्या मृत्यूनंतर दहा दिवसांचे सुतक, दशक्रिया, तेरावा असा क्रम असतो. शेजारी पिठले-भात घेऊन येतात. नातेवाईक भेटायला येतात. नोकरदारास रजा मिळते. या रूढींच्या धार्मिक अर्थाविषयी मतभेद असू शकतील, परंतु त्यांचे सामाजिक कार्य निर्विवाद आहे. शोक करण्यास त्यांच्यामुळे काळ, स्थळ आणि परवानगी मिळते. सुतक हे नात्यावर आधारलेले असल्याने प्राण्याला त्यात स्थान नाही. परिणामी कुत्रा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा पालक नेहमीप्रमाणे कामावर हजर होतो आणि सुजलेल्या डोळ्यांचे कारण जागरण असल्याचे सांगतो.

सांत्वन करणाऱ्यांचा हेतू चांगला असला, तरी शब्द कमी पडतात. ‘एवढे काय त्यात, कुत्राच तर होता’, ‘दुसरे पिल्लू आणा म्हणजे विसर पडेल’ ही वाक्ये दुःख हलके करीत नाहीत. उलट दुःखाच्या जोडीला लाज निर्माण करतात. गेलेला प्राणी हा बदलून मिळणारी वस्तू नव्हता, हेच तर शोकग्रस्त व्यक्तीचे म्हणणे असते.

हा अभाव वैद्यकीय वर्गीकरणातही दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून लागू झालेले रोगवर्गीकरण आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ मधील सुधारित निदानपुस्तिका या दोहोंमध्ये दीर्घकालीन शोकविकृतीचा समावेश आहे. मात्र दोन्हीकडील व्याख्या जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूपुरती आहे. प्राण्याच्या मृत्यूनंतर तशीच लक्षणे दीर्घकाळ टिकली तरी ती या व्याख्येत बसत नाहीत.

४. मराठी समाजजीवनातील प्राणी आणि निरोपाच्या परंपरा

प्राण्याविषयीचा शोक ही पाश्चात्य जीवनशैलीतून आलेली गोष्ट आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. प्राण्यांच्या स्वतंत्र दफनभूमी प्रथम पाश्चात्य शहरांत प्रसिद्धीस आल्या, हे खरे आहे. लंडनच्या हाइड पार्कमधील दफनभूमी १८८१ मध्ये, न्यूयॉर्कजवळील हार्ट्सडेल येथील १८९६ मध्ये आणि पॅरिसजवळील आन्येर येथील १८९९ मध्ये सुरू झाली. तथापि प्राण्याशी असलेल्या बांधिलकीचा विचार भारतीय परंपरेस नवा नाही.

महाभारताच्या सतराव्या, महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी व चारही भाऊ वाटेत कोसळल्यानंतर युधिष्ठिरासोबत केवळ एक कुत्रा उरतो. स्वर्गात कुत्र्याला स्थान नाही असे इंद्राने सांगितल्यावर, आश्रयास आलेल्याचा त्याग करून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिर नाकारतो. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हा कथेचा उत्तरार्ध सर्वश्रुत आहे. परंतु युधिष्ठिराने निर्णय घेतला तेव्हा त्याच्या दृष्टीने तो केवळ कुत्राच होता, ही बाब अधिक महत्त्वाची मानली पाहिजे. दत्तात्रेयांच्या पायाशी श्वान आहेत, खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे. जुन्नर तालुक्यातील आळे येथे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदविले असे मानले जाते त्या रेड्याची समाधी असून तेथे भाविक दर्शनास जातात.

कृषिजीवनात हा जिव्हाळा विधींतून व्यक्त होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्यास हळद-तूप चोळले जाते. श्रावण अमावास्येस त्याला सजवून पुरणपोळीचा घास दिला जातो. वर्षभराच्या श्रमांबद्दलची ही कृतज्ञता आहे. अनेक वर्षे राबलेला बैल गेल्यावर त्याला शेतातच खड्डा खणून, हळद-कुंकू वाहून पुरणारी कुटुंबे आहेत. काहींनी बैलाचा दशक्रिया विधी केल्याच्या बातम्याही वृत्तपत्रांतून अधूनमधून प्रसिद्ध होतात. अर्थात हाच समाज भाकड जनावरांची विक्रीही करीत आला आहे, हेही विसरता येणार नाही. जिव्हाळा आणि उपयुक्तता यांचा ताण येथे कायम राहिला आहे.

शहरी सदनिकांतील कुत्र्या-मांजरांना मात्र शेताचा बांध नाही आणि पोळाही नाही. मृतदेहाचे काय करावयाचे, हा पहिलाच प्रश्न कुटुंबाला गोंधळात टाकतो. मुंबई महानगरपालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे लहान प्राण्यांसाठी नैसर्गिक वायूवर चालणारी दहनव्यवस्था सुरू केली. अशा सोयीचे महत्त्व केवळ आरोग्यविषयक नाही. जेथे ही सोय नाही, तेथे प्रिय प्राण्याचा देह कचऱ्याच्या गाडीत द्यावा लागण्याची शक्यता असते, आणि अखेरचा निरोप असा घडला की त्याचा सल दीर्घकाळ राहतो.

५. दयामरणाचा निर्णय आणि अपराधभाव

माणसाच्या मृत्यूत सहसा न येणारा एक प्रश्न येथे उभा राहतो. असाध्य व वेदनादायी आजारात प्राण्याचे जीवन संपविण्याचा निर्णय पालकासच घ्यावा लागतो. प्राणी आपली इच्छा सांगू शकत नाही. निर्णय लवकर घेतला तर ‘आपण त्याला मारले’ आणि उशिरा घेतला तर ‘आपण त्याला तडफडू दिले’, अशी दोन्हीकडून बोचणी लागते.

या पेचाची भारतातील सर्वांत गाजलेली चर्चा १९२८ मध्ये साबरमती आश्रमात घडलेल्या प्रसंगावरून झाली. आश्रमातील एक जखमी वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते व ते वाचण्याची आशा उरली नव्हती. सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून महात्मा गांधींनी त्याला डॉक्टरांकरवी टोचणी देऊन वेदनामुक्त करण्याचा निर्णय घेतला. अहिंसेच्या उपासकाने गोवंशाची हत्या केली, अशी तीव्र टीका त्यांच्यावर झाली. गांधींनी ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ या पत्रांतून तिला उत्तर दिले. स्वार्थाने किंवा क्रोधाने केलेली इजा ही हिंसा होय. परंतु अन्य कोणताही उपाय उरलेला नसताना केवळ त्या जिवाच्या वेदना थांबविण्यासाठी निःस्वार्थपणे केलेली कृती अहिंसाही असू शकते, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद सर्वांना पटला नाही आणि आजही पटेलच असे नाही. पांजरपोळाच्या परंपरेत नैसर्गिक मृत्यूपर्यंत सेवा करणे हेच कर्तव्य मानले जाते व त्या भूमिकेचाही आदर केला पाहिजे. तथापि या चर्चेतून एक कसोटी हाती येते : निर्णय कोणाच्या वेदना संपविण्यासाठी घेतला जात आहे, प्राण्याच्या की पालकाच्या?

ही कसोटी प्रत्यक्षात वापरता यावी यासाठी पशुवैद्यकशास्त्रात काही साधने विकसित झाली आहेत. अमेरिकन पशुकर्करोगतज्ज्ञ अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांच्या जीवनगुणवत्ता श्रेणीत सात निकष आहेत : वेदना, भूक, शरीरातील पाण्याचे प्रमाण, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगल्या दिवसांचे आधिक्य. प्रत्येक निकषाला शून्य ते दहा गुण देऊन एकूण ३५ पेक्षा अधिक गुण असतील, तर शुश्रूषा सुरू ठेवणे योग्य मानले जाते. साध्या दिनदर्शिकेवर चांगल्या व वाईट दिवसांची खूण करीत जाणे, हाही उपयुक्त मार्ग आहे. या नोंदींमुळे निर्णय एका क्षणाच्या भावनावेगावर अवलंबून राहत नाही, आणि पुढे अपराधभाव दाटून आला असता मनाला आधार मिळतो.

प्रत्यक्ष प्रक्रियेची माहिती आधी असल्यास भीती कमी होते. सामान्यतः प्रथम गुंगीचे औषध दिले जाते. त्यानंतर शिरेतून बार्बिच्युरेट गटातील औषधाची मोठी मात्रा दिली जाते. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत श्वास व हृदयक्रिया थांबते. डोळे उघडेच राहू शकतात. स्नायूंची किंचित हालचाल किंवा एखादा श्वासासारखा उसासा मृत्यूनंतरही संभवतो. ही वेदनेची चिन्हे नव्हेत. हे पूर्वी सांगितले गेले नाही, तर पालकाच्या मनात तेच दृश्य शंका होऊन राहते. यासाठी पशुवैद्यांनी हा संवाद घाईने उरकू नये. तसेच कुटुंबातील कोणाला त्या वेळी जवळ थांबावयाचे आहे, हे आधी ठरविलेले असावे. न थांबण्याचा निर्णयही तितकाच स्वीकारार्ह आहे.

६. मुले आणि महाविद्यालयीन विद्यार्थी

मृत्यू परत न फिरणारा आहे, तो सर्वांना येतो आणि त्यानंतर शरीराची सर्व कार्ये थांबतात, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना साधारणतः पाच ते सात वर्षांच्या सुमारास उमजू लागतात. त्याहून लहान मुलाला ‘तो झोपला आहे’ किंवा ‘तो गावी गेला आहे’ असे सांगितले, तर ते मूल झोपेला घाबरू शकते किंवा परतीची वाट पाहत राहते. ‘त्याचे शरीर खूप आजारी होते, ते आता बंद झाले आहे, तो परत येणार नाही’ असे साधे व खरे शब्द अधिक हितकारक असतात.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या बाबतीत पालकांची चूक वेगळ्या प्रकारची असते. ‘परीक्षा संपेपर्यंत त्याला कळवू नका’ असा निर्णय घरात घेतला जातो. हेतू चांगला असतो; परंतु सुट्टीत घरी आलेल्या मुलीला रिकामा कोपरा दिसतो, तेव्हा तिने केवळ प्राणीच नव्हे तर निरोपाची संधीही गमावलेली असते. घरातील सर्वांनी मिळून आपल्याला अंधारात ठेवले, ही जाणीव मूळ दुःखापेक्षा अधिक काळ टिकू शकते. शक्य असेल तेथे आजाराची कल्पना वेळीच द्यावी, भेटीस येऊ द्यावे आणि ते शक्य नसल्यास दूरध्वनीवरून किंवा चित्रसंवादाद्वारे निरोप घेऊ द्यावा.

अध्यापकाची भूमिका येथे मर्यादित, परंतु महत्त्वाची आहे. कुत्रा गेल्यामुळे प्रात्यक्षिकास येऊ शकलो नाही, असे सांगण्याचे धैर्य क्वचितच एखादा विद्यार्थी दाखवितो. त्या वेळी अध्यापकाच्या चेहऱ्यावर उमटलेले हसू त्याला पुढील काळात कोणतेही दुःख न सांगण्यास शिकविते. याउलट, ‘त्याचे नाव काय होते?’ एवढा एक प्रश्नही त्या दुःखास मान्यता देण्यास पुरेसा असतो. हजेरी किंवा कामाच्या मुदतीतील एक-दोन दिवसांची सवलत शैक्षणिक शिस्तीस बाधक ठरत नाही. जो तरुण आपले पहिले दुःख सन्मानाने पार पाडतो, तो पुढील आयुष्यातील अटळ मृत्यूंना सामोरे जाण्यास काही अंशी सिद्ध होतो.

७. शोकातून सावरण्याचे मार्ग

डेनिस क्लास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथातून ‘टिकून राहणारे अनुबंध’ हा विचार पुढे आला. शोक संपणे म्हणजे गेलेल्याला विसरणे नव्हे, तर त्याच्याशी असलेले नाते स्मृतीच्या पातळीवर नव्याने मांडणे होय. हा विचार व्यवहारात आणण्याचे मार्ग साधे आहेत.

पहिला मार्ग निरोपविधीचा. घरातील सर्वांनी एकत्र बसून प्राण्याच्या आठवणी सांगणे, परवानगी असलेल्या जागी पुरून त्यावर झाड लावणे, त्याचा पट्टा किंवा छायाचित्र जपून ठेवणे, हे विधी कोणत्याही धर्मशास्त्राच्या संमतीवाचून करता येतात. त्याच्या वस्तू केव्हा हलवाव्यात, हे कुटुंबाने आपल्या गतीने ठरवावे. दुसरा मार्ग शब्दांचा. दैनंदिनी लिहिणे किंवा समदुःखी व्यक्तीशी बोलणे यांमुळे अपराधभाव स्पष्ट रूपात समोर येतो आणि त्याची शहानिशा करता येते. तिसरा मार्ग दिनक्रमाचा. रोजचे फिरणे एकट्याने का होईना, चालू ठेवणे हितावह ठरते. घरात दुसरा प्राणी असल्यास तोही शोध घेणे, कमी खाणे असे बदल दाखवू शकतो. त्याच्या वेळा सांभाळणे दोघांसही उपकारक असते.

नवा प्राणी केव्हा आणावा, या प्रश्नास ठरावीक उत्तर नाही. गेलेल्याची जागा भरून काढण्यासाठी आणलेल्या पिल्लावर सतत तुलनेचे ओझे पडते. नव्या जिवाकडे नवा म्हणून पाहता येऊ लागले, म्हणजे वेळ आली असे समजावे. मात्र झोप व भूक दीर्घकाळ बिघडणे, कामकाज अशक्य होणे किंवा जगणे निरर्थक वाटणे ही लक्षणे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य घेणे आवश्यक आहे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर यासाठी विनामूल्य संपर्क साधता येतो.

८. समारोप

पाळीव प्राण्याच्या वियोगाचे दुःख आणि माणसाच्या वियोगाचे दुःख यांची तुलना करून कोणते मोठे, हे ठरविण्याचे प्रयोजन नाही. शोकाची तीव्रता मृताच्या जातीवरून नव्हे, तर नात्याच्या सखोलतेवरून ठरते. या विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, हे दुःख स्वाभाविक आहे व ते मनाच्या दुर्बलतेचे लक्षण नाही. दोन, ते असह्य होण्यामागे मृत्यूइतकेच एकटेपणही कारणीभूत असते. तीन, हे एकटेपण दूर करण्यासाठी मोठ्या यंत्रणेची नव्हे, तर वेळीच सांगितलेल्या सत्याची, सन्मानाने घेऊ दिलेल्या निरोपाची आणि न हसता ऐकून घेणाऱ्या माणसाची आवश्यकता असते. कुटुंब, पशुवैद्य आणि शिक्षणसंस्था यांपैकी प्रत्येकाला यांतील काही ना काही देता येण्याजोगे आहे.